कॅन्सर पुढच्या टप्प्यावर असताना दवाखाना कोणता? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी सव्वीस वर्षं गेली. डॉक्टर नाही, फाइलवाला. निवृत्त झाल्यावर नात्यातल्या, गल्लीतल्या पेशंटांबरोबर इकडे-तिकडे जात राहिलो आणि तेच तेच प्रश्न कानावर येत राहिले. फोन खानापुरातून येवो, निपाणीतून किंवा अथणीतून, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोठ्या दवाखान्यात न्यावं म्हणतोय, कुठं नेऊ?" एकेकाला तासभर सांगण्यापेक्षा लिहूनच ठेवलं. औषध कोणतं आणि किती, ते तुमचे डॉक्टर बघतील. इथे विषय फक्त दवाखाना निवडण्याचा.

मोठा दवाखाना म्हणजे नेमका कोणता? जास्त मजल्यांचा?

मजले, काचा, लॉबीतली गणपतीची मूर्ती, यातलं काही मोजायचं नाही. तुमच्या पेशंटला जो कॅन्सर आहे, त्याच कॅन्सरचे नवे पेशंट तिथे वर्षाला किती येतात, एवढंच मोजायचं. समजा, पाचशे खाटांच्या दवाखान्यात अन्ननलिकेच्या कॅन्सरचे वर्षाला चार पेशंट येतात आणि साठ खाटांच्या दवाखान्यात चाळीस. तर अन्ननलिकेपुरता तो साठ खाटांचाच मोठा.

बोर्डावरच्या 'हजारो रुग्णांवर उपचार' या ओळीबद्दल एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या रजिस्टरात एका मावशींचे किमोचे सहा डोस झाले की सहा नोंदी पडायच्या. महिनाअखेरीला बेरीज करताना त्या सहा पेशंट व्हायच्या. खोटं कुणी लिहीत नव्हतं, रजिस्टरच तसं होतं. म्हणून विचारताना 'पेशंट किती' असं विचारू नका, 'या आजाराचे नवे पेशंट किती' असं विचारा.

जास्त पेशंट म्हणजे जास्त जगणं, हे सिद्ध झालंय की नुसता समज?

ऑपरेशनांच्या बाबतीत तरी भक्कम पुरावा आहे. १९७९ साली अमेरिकेत सुमारे दीड हजार दवाखान्यांतल्या बारा प्रकारच्या ऑपरेशनांची पाहणी छापून आली. हृदयाच्या, रक्तवाहिन्यांच्या अशा काही ऑपरेशनांत, वर्षाला दोनशे किंवा जास्त ऑपरेशनं करणाऱ्या ठिकाणी मृत्यू २५ ते ४१ टक्क्यांनी कमी आढळले. कॅन्सरचे आकडे त्यानंतर आले. २००२ सालच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात स्वादुपिंडाच्या ऑपरेशनानंतरचा मृत्युदर अगदी कमी ऑपरेशनं करणाऱ्या दवाखान्यांत १६.३ टक्के होता आणि सर्वांत जास्त करणाऱ्यांत ३.८ टक्के. ऑपरेशन तेच, आजार तोच.

पण सगळ्या ऑपरेशनांत एवढी दरी नाही. फुफ्फुसाचा भाग काढण्यात फरक बराच कमी निघाला. काम जितकं किचकट, तितकी सरावाची किंमत जास्त. नेदरलंड्समध्ये तर अन्ननलिका आणि स्वादुपिंडाच्या ऑपरेशनांना वर्षाला किमान २० अशी अटच घातली गेली. तेवढी होत नसतील तर त्या दवाखान्याने हात लावायचा नाही.

आमच्या पेशंटचं ऑपरेशनच होणार नाही म्हणतात, आजार पसरलाय. मग संख्येचा काय संबंध?

संबंध आहे, फक्त तो ऑपरेशनाइतका सरळ दिसत नाही. मायलोमा हा हाडांच्या मगजातला कॅन्सर. तो आटोक्यात राहतो, पण सहसा मुळासकट जात नाही, म्हणून पसरलेल्या आजाराला तो जवळचा. २०१७ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या १,३३३ दवाखान्यांतल्या ९४,७२२ मायलोमा पेशंटांचा हिशोब मांडला. सर्वांत कमी पेशंट असणाऱ्या दवाखान्यांच्या गटात निम्मे पेशंट २६.९ महिन्यांपेक्षा जास्त जगले, सर्वांत जास्त असणाऱ्या गटात ४९.१ महिन्यांपेक्षा.

हा आकडा वाचून लगेच गाडी बोलावू नका. दूरच्या गर्दीच्या दवाखान्यात कोण पोचतं? ज्याच्यात प्रवासाची ताकद आहे, ज्याच्याकडे पैसा किंवा विमा आहे, ज्याला रजा काढून बरोबर येणारा मुलगा आहे तो. अंथरुणाला खिळलेले आजोबा गावाजवळच राहतात आणि त्यांचा मृत्यू जवळच्या दवाखान्याच्या खात्यावर पडतो. वय, उत्पन्न, इतर आजार यांचा हिशोब जुळवल्यावर ती बावीस महिन्यांची दरी बरीच आटली. पण मिटली नाही: कमी पेशंटांच्या गटात मृत्यूचा धोका तरीही सुमारे २२ टक्के जास्त राहिला. तेव्हा फरक खरा, पण भिंतीवर रंगवतात तेवढा मोठा नव्हे.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं काय? आमच्याकडे तोच जास्त.

निपाणीच्या तंबाखूवर अर्धा तालुका जगला आणि त्याच तंबाखूने घरटी एक माणूस नेला, असं तिकडचे लोकच म्हणतात. या आजारात अनुभवाचा फरक फार स्पष्ट दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या डोकं-मान कॅन्सरवर अमेरिकेत झालेल्या एका उपचार-चाचणीचे आकडे २०१५ साली दवाखान्यानुसार वेगळे करून पाहिले गेले. अशा चाचण्यांत पूर्वीपासून भरपूर पेशंट घेणाऱ्या ठिकाणी पाच वर्षांनंतर ६९.१ टक्के पेशंट हयात होते, कमी घेणाऱ्या ठिकाणी ५१ टक्के. उपचार दोन्हीकडे कागदावर एकच होता. मग चुकलं कुठे? बरंचसं लाइट देण्याच्या आखणीत. रेडिएशनला आपल्याकडे 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात, आणि लोकांना वाटतं मशिनखाली झोपवलं की झालं. त्याआधी डॉक्टर संगणकावर सीटी स्कॅनच्या एकेका चकतीवर बोटभर जागेत रेघा ओढतात: गाठ कुठवर, गळ्यातल्या कोणत्या ग्रंथी घ्यायच्या, लाळेची ग्रंथी आणि मणका कसा वाचवायचा. रेघ आत राहिली तर आजार मागे उरतो, बाहेर गेली तर पेशंटला जन्मभर घास गिळता येत नाही.

२०१० साली छापलेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत या आखण्याच तपासल्या. ज्या केंद्रांनी चाचणीला पाचपेक्षा कमी पेशंट दिले होते, त्यांच्या जवळजवळ ३० टक्के आखण्यांत गंभीर दोष निघाले. वीस किंवा जास्त देणाऱ्यांत ५ टक्क्यांच्या आसपास. गंभीर दोषाच्या आखणीवर उपचार झालेल्यांपैकी दोन वर्षांनी निम्मे हयात होते, नीट आखणी झालेल्यांपैकी ७० टक्के. मशीन नवं आहे का, हे सगळेच विचारतात. आखणी कोण करतं आणि दुसरं कोणी ती तपासतं का, हे मी आजवर एकाच नातेवाइकाला विचारताना ऐकलंय. तो हायस्कूलमध्ये भूमिती शिकवायचा.

चौथी स्टेज म्हणाले. आता काय उपयोग?

कसली चौथी, ते विचारा. तोंडाच्या कॅन्सरची गाठ जबड्याच्या हाडात शिरली तरी त्याला चौथीच म्हणतात, आणि त्यातल्या पुष्कळांचं ऑपरेशन होतं, बरं करण्याच्या इराद्याने होतं. फुफ्फुसाचा कॅन्सर यकृतात गेला तर तीही चौथी, पण तिथे हिशोब आटोक्यात ठेवण्याचा. दोन्हींना एकच आकडा असल्यामुळे निम्मी घरं पहिल्याच दिवशी हातपाय गाळतात.

गर्दीच्या ठिकाणी असं वेगळं काय होतं?

एक तर गाठीतून काढलेल्या तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. रोज त्याच प्रकारच्या स्लाइड बघणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेला बारीक वेगळेपण दिसतं, आणि पुढचा सगळा उपचार त्या एका कागदावर उभा असतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात आपल्या देशात साधारण चौघांतल्या एकाला ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो, आणि अशांना सलाइनच्या किमोऐवजी रोजची गोळी चालते. ती तपासणी करायची आठवणच झाली नाही तर गोळीही नाही.

दुसरं, एका टेबलावर बसणारी माणसं. सर्जन, किमोचे डॉक्टर, लाइटचे डॉक्टर, स्लाइड बघणारे एकत्र बसून एक फाइल चर्चेला घेतात. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. एकटा सर्जन बहुतेकदा कापायचाच विचार करणार, त्यात त्याचा दोष नाही.

तिसरी गोष्ट मी घरातच पाहिली. माझ्या थोरल्या भावाला किमोचा दुसरा डोस होऊन दहावा दिवस होता. रात्री अकराला अंग तापलं, थर्मामीटरला १०१. शहापुरातून रिक्षा करून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ड्यूटीवरचा मुलगा बिचारा झोपेतून उठला, नाडी बघितली, तापाची गोळी दिली आणि "सकाळी या" म्हणाला. किमो चालू आहे हे मी दोनदा सांगितलं. सकाळी दहाला दादाचा रक्तदाब लागेना. दुसरीकडे नेलं, नऊ दिवस आयसीयूत. वाचला, पण पुढचे डोस त्याला सोसले नाहीत. किमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १००.४ च्या वरचा ताप म्हणजे घड्याळ लावून तासाभरात नसेतून अँटिबायोटिक. रोज किमो देणाऱ्या वॉर्डात हे सिस्टरला झोपेतही माहीत असतं. असे प्रसंग सगळ्याच दवाखान्यांत येतात, ओळखायला लागणारा वेळ मात्र सगळीकडे सारखा नसतो. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने डोसची तारीख आणि हे तापाचं वाक्य लिहून देतो.

मग सगळा उपचार मुंबईलाच करायचा का?

नाही, आणि या पानावर मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. सराव लागतो तो अवघड कामाला: निदान, उपचाराची आखणी, मोठं ऑपरेशन, तोंड-घशाचा लाइट. ठरलेला किमोचा डोस ठरलेल्या दिवशी देणं हे काम बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात नीट होतं. आराखडा भरपूर पेशंट बघणाऱ्या टीमकडून घ्या आणि सुया घराजवळ टोचून घ्या. दर तीन आठवड्यांनी पाचशे किलोमीटर जाणारा पेशंट तिसऱ्या खेपेला कंटाळतो, चौथी चुकवतो. अर्धवट सोडलेल्या उपचाराला दवाखान्याचं नाव कितीही मोठं असलं तरी ते कामाला येत नाही.

असं काम दोन ठिकाणी वाटून घ्यायला आता सोय आहे. २०१२ साली टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं. देशभरातली तीनशेहून जास्त केंद्रं त्यात आहेत, नेहमीच्या कॅन्सरांसाठी एकसारखे उपचार-नियम आहेत आणि अवघड फाइल व्हिडिओवरच्या ट्यूमर बोर्डासमोर ठेवता येते. 'तुमचा दवाखाना ग्रिडमध्ये आहे का?' हा प्रश्न फुकट आहे, विचारून टाका.

जवळपास जायचं तर पर्याय कोणते?

बेळगावात नेहरूनगरला केएलई संस्थेचा दवाखाना आहे, त्यांच्या स्वतंत्र कॅन्सर हॉस्पिटलचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी केलं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना, बिम्स, आहे. शंभरेक किलोमीटरवर हुबळीच्या नवनगरात कर्नाटक कॅन्सर संस्था, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर कोल्हापूर, थोडं पुढे मिरज. खानापूरकडची माणसं घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात जातात. लांबचे म्हणजे बेंगळुरूचं किदवाई कॅन्सर हॉस्पिटल, १९७३ पासूनचं, आणि परळचं टाटा, १९४१ पासूनचं.

कोणाला कुठे पाठवलं जातं, हे भाषेवर आणि बसवर जास्त ठरतं, हे मी लपवणार नाही. शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकातल्या साध्या बसला तिकीट नाही, म्हणून हुबळी फुकट पडते आणि कोल्हापूरला तिकीट काढावं लागतं. पण हुबळीत फॉर्म कन्नडमध्ये, म्हणून आजीला घेऊन लोक कोल्हापूरच गाठतात. दोन्ही कारणं समजण्यासारखी आहेत. फक्त त्याच्या जोडीला आकडाही विचारा.

डॉक्टरांना आकडा विचारला तर रागावतील ना?

विचारण्यावर आहे. "तुम्हाला जमतं का?" असं विचारलं तर कोणीही रागावेल. मी असं विचारतो: "साहेब, अशा आजाराचे नवे पेशंट वर्षाला साधारण किती येतात आपल्याकडे? ही फाइल ट्यूमर बोर्डात ठेवता येईल का? रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा?" तीनच. ज्यांचा आकडा चांगला असतो ते आनंदाने सांगतात. एका सर्जननी मला सरळ सांगितलं, "वर्षाला दोन-तीन होतात, माझा भाऊ असता तर मी पुढे पाठवला असता." त्या माणसाला मी आजही दिवाळीला फोन करतो.

दुसरं मत घ्यायला जाताना काय न्यायचं?

रिपोर्टांच्या झेरॉक्सवर भागत नाही. सीटी, पेट स्कॅनची सीडी हवी, नुसती फिल्म नको. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक. काढलेला तुकडा मेणाच्या चौकोनात जपून ठेवलेला असतो, बोटाच्या पेराएवढा, प्लास्टिकच्या जाळीदार चकतीवर. तो न्यायला लॅबमध्ये अर्ज देऊन सही करावी लागते. शनिवारी संध्याकाळी गेलात तर सोमवारवर पडतं. ब्लॉक नसला की मोठ्या दवाखान्यात पुन्हा तुकडा काढतात आणि आठ-पंधरा दिवस तिथेच जातात.

चिकोडीकडच्या एका मुलाने मे महिन्यात ब्लॉक पाकिटात घालून जीपच्या डॅशबोर्डवर ठेवला होता. कोल्हापूर येईपर्यंत मेण मऊ होऊन पाकिटाला चिकटलं. रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून पिशवीत ठेवा, उन्हात नको.

कोणतं कार्ड कुठे चालतं?

कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. बीपीएल घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएल घराला पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. लोक थेट खासगीत दाखल होतात, मग चिठ्ठीसाठी पळतात, तिथे अडकतात.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. कर्नाटकाने हरकत घेतली, वाद झाला, आणि आपण नेहमीसारखे मधे. त्यामुळे पेशंटला गाडीत घालण्याआधी ज्या दवाखान्यात जायचंय तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करून 'आमचं गाव, आमचं रेशनकार्ड आज चालेल का' हे विचारून घ्या. पेपरातल्या बातमीवर निघू नका.

परळला गेलो तर राहायचं कुठे, जायचं कसं?

दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचेच पेशंट जास्त. टाटातल्या समाजसेवा विभागात आधी जा, राहण्याचा आणि मदतीचा रस्ता तिथून निघतो. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, बरोबरच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला शिक्क्याचा दाखला लागतो. दादरला जाणाऱ्या चालुक्य आणि शरावती एक्स्प्रेस रोज नसतात, वार बघून तारीख घ्या.

गर्दीचा तोटा काहीच नाही?

आहे की. लाइटसाठी रांग, तपासणीला तारखा, डॉक्टर पाच मिनिटं. जोरात वाढणारा आजार असेल आणि तिकडची तारीख दीड महिन्यानंतरची असेल, तर आराखडा घेऊन इथे लगेच सुरू केलेलं बरं. हे तिकडचेच डॉक्टर सांगतात, आपण विचारलं तर.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणतात, मला कुठे नेऊ नका. काय करायचं?

आधी त्यांना नेमकं काय नको आहे ते विचारा. वडगावच्या एका आजोबांना उपचार नको नव्हता, त्यांना मुंबईच्या रेल्वेतला संडास नको होता. बेळगावात गोळ्या चालतील का विचारल्यावर लगेच हो म्हणाले.

आणि गोळ्यांना कमी लेखू नका. टाटाच्याच डॉक्टरांनी २०२० साली डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरच्या ४२२ पेशंटांवर तुलना छापली: दवाखान्यात येऊन घ्यायच्या सिस्प्लॅटिन या किमोवर जगणं ६.१ महिने, घरी घ्यायच्या मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांवर ७.५ महिने. त्रासही कमी. अशा गोळ्यांना मोठा वॉर्ड लागत नाही, रक्ततपासणी आणि लक्ष ठेवणारा डॉक्टर लागतो.

वेदना कमी करण्याच्या उपचाराला पॅलिएटिव्ह म्हणतात आणि लोक त्याचा अर्थ 'सोडून दिलं' असा घेतात. २०१० साली बोस्टनमध्ये पसरलेल्या फुफ्फुस कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर चाचणी झाली. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचाराबरोबर ही सेवा मिळाली त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, बाकीच्यांतले निम्मे ८.९ महिन्यांपेक्षा. शेवटच्या दिवसांत त्यांना किमोचा माराही कमी झाला होता. तेव्हा दवाखाना निवडताना ही ओपीडी तिथे आहे का, आणि मॉर्फिनची गोळी तिथे मिळते का, हेही विचारा. ती साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या केंद्रातच मिळते. वडगावच्या आजोबांना महिन्याच्या गोळ्या एकदम मिळायच्या, त्यांची सून पहिल्या तारखेला दोन नंबरच्या खिडकीवर उभी असायची. शेवटचे चार महिने ते दुपारी ओट्यावर बसून पेपर वाचत होते.